तांब्याचे तोंड, तंबोऱ्याचा जीवा आणि सातवीतली मुले

मंडळाचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि बंधुभगिनींनो,

चार महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या माझ्यासारख्या निवृत्त कलाशिक्षकाला आपण बोलायला बोलावलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

सांगलीत जवळजवळ तीस वर्षे मी सहावी ते आठवीच्या मुलांना चित्रकला शिकवली, आणि कलेच्या पद्धतशीर शिक्षणाची खरी निकड याच तीन वर्षांत असते, असे माझे ठाम मत आहे. लहान मूल बिनधास्त डोंगर, सूर्य आणि झोपडी काढते. सहावीत आल्यावर मात्र आपले चित्र आणि समोरची वस्तू यांतला फरक त्याला दिसू लागतो, मुलग्यांचा आवाज फुटू लागतो, आणि ‘मला येत नाही’ म्हणून मुले वही मिटतात. त्या वेळी नुसते कौतुक पुरत नाही. समोरच्या तांब्याचे तोंड गोल असूनही कागदावर लंबगोल का काढायचे, हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेत कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा असे सांगितले, तरी परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेचा तास गणिताला देण्याची रीत मी अनेक वर्षे पाहिली आणि दर वेळी मला तिचे वाईट वाटले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांचा सराव तरी टिकून राहिला, ही त्यातली समाधानाची बाब.

गाण्याबजावण्याच्या बाबतीत आम्हा सांगलीकरांना मिरजेचा शेजार लाभला आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कितीतरी आधीपासून मी सातवीच्या मुलांना तिथल्या वाद्यकारांकडे नेत असे. वाळलेल्या भोपळ्याला हात लावून, तो पोकळ का असतो हे विचारून झाले की कारागीर एक तार छेडत, मग घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, त्या तारेखाली सुताचा बारीक दोरा, म्हणजे जीवा, सरकवत, आणि मघाचा कोरडा आवाज एकाएकी भरून येई. दोरा किंचित पुढेमागे केला की तो गुंजार जाई, पुन्हा येई. विज्ञानाच्या पुस्तकात कंपन हा शब्द पाठ केलेली मुले तिथे पहिल्यांदा कान देऊन ऐकत, आणि ज्यांनी आवाज फुटल्यापासून गाणे सोडले होते, तीही त्या षड्जात हळूच सूर मिळवून पाहत.

नाटकाविषयी सांगलीच्या माणसाने अधिक काय सांगावे? विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सांगलीत सादर केले, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. तिच्यातून शाळेने मुख्यतः एवढे घ्यावे की नाटकात पडदा रंगवणारा, मुकुट चिकटवणारा आणि मृदंगाची साथ करणारा यांच्यावाचून राजाचे काम करणाऱ्याचे चालत नाही. वर्गातला अबोल मुलगा पडदा रंगवता रंगवता पुढच्या वर्षी संवाद म्हणायला उभा राहिलेला मी पाहिला आहे.

म्हणूनच मंडळाला माझी एक विनंती आहे. गणेशोत्सवाआधी तीन आठवडे ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच बसवण्यात आपण सगळे फार कष्ट घेता. त्याच कष्टांतला काही भाग वर्षभराच्या लहानशा वर्गासाठी राखून ठेवावा, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना त्यात घ्यावे, आणि उत्सवाचा पडदा, मुखवटे व साथसंगत त्यांच्याच हातांनी होऊ द्यावी, मग पडद्यावरचा रंग थोडा ओघळला तरी चालेल.

मी इथे असेपर्यंत दर शनिवारी सकाळी दोन तास शिकवायला येईन. पहिल्या दिवशी प्रत्येकाने मऊ शिशाची पेन्सिल आणि घरातला एक तांब्या आणावा.