भांडण मांडायचं कुठे?

२४ एप्रिल २०१३. बांगलादेशात ढाक्याजवळचं सावर हे उपनगर. राना प्लाझा ही आठ मजली इमारत सकाळी कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. भिंतींना तडे गेल्याचं आदल्याच दिवशी दिसलं होतं. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं गेलं.

यातल्या काही कारखान्यांची तपासणी आधी झाली होती, तीही कंपन्यांनीच पुढाकार घेऊन ठरवलेल्या निकषांवर. इमारतीची मजबुती त्या तपासणीत नव्हतीच.

शाश्वत विकासासाठी उद्योग पुढाकार घेऊन इतर संघटनांशी भागीदारी करतात तेव्हा पैसा त्यांचा असतो, बैठकीचा अजेंडाही बहुतेक वेळा त्यांचाच. समोरच्या संघटनेला मतभेद बोलून दाखवणं जड जातं. मग कुणी काही बोलत नाही, आणि अहवालात ‘सर्वांची सहमती’ अशी नोंद होते. अशा भागीदारीत खरी भीती वाटावी ती या गप्प बसण्याची.

राना प्लाझानंतर कारखाने सुरक्षित करण्याच्या दोन वाटा निघाल्या. उत्तर अमेरिकी कंपन्यांनी ‘अलायन्स’ ही आघाडी उभी केली. तिनेही कारखाने तपासले, दुरुस्त्या करून घेतल्या, पण कामगार संघटनांची सही त्या करारावर नव्हती. दुसरा करार म्हणजे ‘अकॉर्ड’. त्यावर ब्रँड आणि कामगार संघटना अशा दोघांच्याही सह्या होत्या, आणि पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. सुकाणू समितीत दोन्ही बाजूंना सारख्याच जागा, आणि अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे, म्हणजे त्रयस्थाकडे.

वाद झालाच तर काय, हेही सह्या होतानाच लिहून ठेवलं होतं. तक्रार आधी समितीपुढे जाणार, समितीने २१ दिवसांत निर्णय द्यायचा. तो मान्य नसेल तर लवाद, आणि लवादाचा निवाडा कंपनीच्या मायदेशातल्या न्यायालयातून अमलात आणता येणार. एरवी सौजन्याच्या भाषेत लिहिल्या जाणाऱ्या करारांमध्ये हे कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं.

ते कागदावरच राहिलं नाही. २०१६ मध्ये इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांनी दोन ब्रँडविरुद्ध हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात दाद मागितली. ठरलेल्या मुदतीत दुरुस्त्या झाल्या नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही प्रकरणं तडजोडीने मिटली. त्यातल्या एका ब्रँडने २३ लाख डॉलर देणं मान्य केलं, आणि त्यातला मोठा वाटा दीडशेहून अधिक कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी होता.

तक्रार झाली म्हणून भागीदारी मोडली नाही. २०१८ मध्ये अलायन्सने आपलं काम थांबवलं. अकॉर्डची मुदत वाढत गेली, २०२१ मध्ये तो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे पाकिस्तानातल्या कारखान्यांपर्यंत पोहोचला. लवादाची तरतूद त्यात आजही आहे.