बोटीवर जाताय?

नमस्कार श्रोतेहो.

"यंदा सुट्टीत कुठे?" असं विचारलं की पूर्वी महाबळेश्वर, केरळ, फार तर सिंगापूर अशी उत्तरं यायची. हल्ली "क्रूझला" असं उत्तर येतं आणि ऐकणाऱ्याला त्याचं फारसं नवलही वाटत नाही. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला, लक्षद्वीपला पर्यटकांची जहाजं सुटतात. दोन रात्री, तीन रात्री, पाच रात्री, जशी रजा आणि जसा खिसा. जहाजावर पोहण्याचे तलाव किती आणि रेस्टॉरंटं किती हे जाहिरातीत छापलेलं असतंच. मी आज त्यात नसतं ते सांगणार आहे.

जाहिरातीत या जहाजाचं वर्णन 'तरंगतं पंचतारांकित हॉटेल' असं केलेलं असतं आणि परत आलेल्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात. हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो, बोटीवर पाय ठेवला की उतारू होतो. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, की थांबायचंच नाही, हे कप्तान ठरवतो. आणि समुद्र बिथरला तर कप्तानाचंही चालत नाही. कोकणातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला जायची, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ती किनाऱ्याला लागतच नसे. बाहेर नांगर टाकायची आणि ट्रंका, आंब्याच्या पेट्या, लेकुरवाळ्या बायका सगळ्यांची ने-आण पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, व्हायची. पावसाळ्यात तर वाहतूकच बंद. आता बोटीवर लिफ्ट आली, नाट्यगृह आलं, पण खालचा समुद्र तोच आहे.

म्हणून तारीख ठरवताना आधी मोसम बघा, सवलत नंतर. मुंबईहून निघायचं तर डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला, समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. शाळांच्या सुट्टीमुळे मे महिन्यात गर्दी होते, पण मेच्या उत्तरार्धात वारा फिरलेला असतो आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही तो एक हंगाम आहे. मोसमी पाऊस सुरू झाला की पश्चिम किनाऱ्यावरच्या या फेऱ्या थांबतात.

मोठ्या जहाजाला हेलकावे बसत नाहीत असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पाण्याखाली जहाजाचा तोल सावरणारे, माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यामुळे डुलणं कमी होतं हे खरं. पण बोट लागायची त्याला लागतेच. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी खोली घेताना जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागावी, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. गंमत म्हणजे वरची, टोकाची, बाल्कनीवाली खोली महाग असते आणि डुलतेही तीच जास्त. डॉक्टरांना विचारून गोळी घेणार असाल, तर ती पोटात ढवळायच्या आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर गोळी शोधण्यात अर्थ नाही. आल्याचा तुकडा चघळावा, डेकवर मोकळ्या वाऱ्यात येऊन क्षितिजाकडे बघावं, आणि पोट रिकामं ठेवू नये. खोलीत पडून मोबाइलमध्ये डोकं घातलंत, तर मात्र हमखास लागणार.

खोलीचा नकाशा मिळतो, तो बघायचा कंटाळा करू नका. आपल्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर डान्स फ्लोअर असेल तर पहाटेपर्यंत पायांचा धडधडाट, आणि पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर सकाळी सहाला खुर्च्या ओढल्याचा आवाज. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी जागा उत्तम. आणखी एक बारकावा सांगतो. मुंबईहून दक्षिणेला जाताना सूर्यास्त जहाजाच्या उजव्या बाजूला होतो आणि कोकणचा किनारा डावीकडे राहतो. बंदराबाहेर पडताना अलिबागसमोर खांदेरी-उंदेरी डावीकडे दिसतात. शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून १६७९ साली खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तो का, हे समुद्रावरून बघितलं की चटकन कळतं. मुंबईत शिरणाऱ्या-निघणाऱ्या गलबतांवर तिथून सरळ नजर ठेवता येते. त्या वेळी खोलीत सामान लावत बसू नका, डेकवर या.

सामान लावत बसू नका म्हणालो, पण मुळात ते तेव्हा खोलीत पोचलेलं नसतंच. बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात, चिठ्ठी लावतात आणि त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत काही तास जातात. रक्तदाबाची गोळी, चष्मा, बाळाचं दूध, ओळखपत्र, पोहायचे कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत हवं. इस्त्री, पाण्याची विजेची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू तपासणीत काढून घेतात. घरून निघताना हौसेने घेतलेली उदबत्ती आणि निरांजनही. लोक रागावतात, "देवाचं आहे हो!" म्हणतात. पण भर समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब यायचा कुठून? बोटीवर आगीइतकं दुसऱ्या कशालाच कुणी भीत नाही.

यावरूनच मस्टर ड्रिलकडे येतो. जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची एक कवायत असते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की आपण कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं, हे दाखवतात. नेमक्या त्याच वेळी आपली मंडळी भजी संपायच्या आत बुफेकडे धावतात. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. प्रवास सुरू झाल्यापासून चोवीस तासांत ती उरकली तरी चाले, असा तेव्हा नियम होता. त्यानंतर तो बदलला आणि कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायची असं ठरलं. आपल्याकडे रामदास बोटीची आठवण अजून निघते. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं मेली. हे ज्यांच्या घरांत सांगितलं जातं, त्यांनी तरी ती अर्ध्या तासाची कवायत चुकवू नये.

आता लक्षद्वीप. सगळ्यात सुंदर अनुभव तिथेच येतो आणि सगळ्यात जास्त हिरमोडही तिथेच होतो. एवढं मोठं जहाज तिथल्या बेटांना लागू शकत नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. म्हणजे पुन्हा आपला पडावच. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, खाली होडी वर-खाली होत असते, दोन खलाशी तुमचे दंड धरतात आणि "आता!" म्हणाले की पाऊल टाकायचं. मागेपुढे करायचं नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हे जमेल का, याचा विचार आरक्षण करतानाच करा, त्या दारात उभं राहून नव्हे. साडी नको, हाय हील तर नकोच. मागे पट्टा असलेल्या सपाता आणि मोबाइलला पाणी न लागेल अशी पिशवी हवी. लाटा जास्त असतील तर कप्तान होड्या सोडत नाही, बेट लांबूनच दाखवून जहाज पुढे निघतं. असं झालं की स्वागतकक्षापुढे आरडाओरडा होतो. त्याने काही साधत नाही, कारण बंदर रद्द करण्याचा अधिकार कंपनीने तिकिटाच्या अटींत राखून ठेवलेला असतो. फक्त लक्षद्वीप बघायचंय, बाकी बोटीचं काही कौतुक नाही, असं असेल तर विमानाने तिथल्या अगत्ती बेटावर जाणं बरं.

होड्या सुटल्याच तर मात्र प्रवाळांच्या मधलं ते उथळ, हिरवट-निळं पाणी बघून माणूस गप्प होतो. तिथले प्रवाळाचे तुकडे आणि शिंपले उचलून आणायचे नाहीत, कायद्याने बंदी आहे. बेटांवर जायला परवाना लागतो. तो बहुधा कंपनीच काढते, पण त्यासाठी कागद वेळेत द्यावे लागतात.

कागदांचा खरा घोळ परदेशी क्रूझवर होतो. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईबाबांना अलास्काच्या क्रूझला नेणं आता आपल्या मंडळींत रूढ झालंय. सिएटलहून निघायचं, जुनो, केचिकन बघायचं आणि सिएटललाच परतायचं. सगळी अमेरिकाच, मग वेगळा व्हिसा कशाला? पण या वाटेवर जहाज काही तास कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरात थांबतं. त्याला १८८६ सालचा एक अमेरिकी कायदा कारण आहे. दुसऱ्या देशाचा झेंडा लावलेल्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरं करून परत येता येत नाही, मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. आणि ही बहुतेक जहाजं परदेशी झेंड्याचीच असतात. त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्या आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागतो, तिथे उतरणार नसले तरी लागतो. शिवाय अमेरिकेत पुन्हा शिरायचं, म्हणून अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून परत येणाऱ्या क्रूझलाही हेच तत्त्व लावा. आपण देशातून बाहेर पडतो आणि पुन्हा आत येतो.

वेळेबद्दल आता कडक बोलतो. पुण्याहून सकाळी निघू आणि दुपारची बोट पकडू, असा बेत करू नका. घाटात एक ट्रेलर उलटला की संपलं. आदल्या दिवशीच मुंबईत येऊन राहा. बंदरात उतरल्यावर परतायची वेळ कागदावर लिहून घ्या, आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे आहे की गावच्या, हेही विचारा. परदेशात दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी बाहेरची सहल करून उशिरा परतले. जहाज अजून समोर नांगरलेलं दिसत होतं, तटरक्षकांनी होडीतून त्यांना जवळ नेलं, तरी कप्तानाने वर घेतलं नाही. पासपोर्ट स्थानिक एजंटाकडे ठेवून जहाज निघून गेलं. त्यांनी गांबियात गाठायचा प्रयत्न केला, तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. शेवटी सेनेगलमध्ये ते चढले. जहाजाच्या कंपनीनेच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. ती सहल महाग असते, पण अनोळखी बंदरात मला तो पैसा वाया गेला असं वाटत नाही. गोव्यात मात्र स्वतःची टॅक्सी करून फिरायला हरकत नाही, फक्त मुरगावहून पणजीपर्यंतच्या गर्दीचा हिशेब धरा.

पैशांचं थोडक्यात सांगतो. तिकिटावर कर आणि बंदर शुल्क वेगळं लागतं. जेवण धरलेलं असतं, पण दारू, बाटलीबंद पेयं, खास रेस्टॉरंटं, इंटरनेट, मालिश, फोटो, सगळ्याचे वेगळे पैसे. परदेशी जहाजांवर माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर सेवाशुल्क आपोआप खात्यावर पडतं. आणि मोबाइल चढल्याबरोबर फ्लाइट मोडवर टाका. किनारा सुटला की तो उपग्रहामार्फत चालणारं जहाजाचं नेटवर्क पकडतो, आणि "पोचलो बरं का" एवढं सांगायचं बिल घरी आल्यावर झोप उडवतं.

जेवणाची चिंता आपल्याकडे सगळ्यात जास्त करतात, खरं तर तिची गरज सगळ्यात कमी. मुंबईच्या जहाजांवर शाकाहारी, जैन सगळं मिळतं. परदेशी जहाजांवरही स्वयंपाकघरात आणि वाढपात भारतीय असतातच, त्यात गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. रात्रीच्या जेवणाला मुख्य वाढप्याला सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी यादीत नसलेली आमटी, भात, भाजी समोर येते. नुसतं सांगू नका, नीट बोला. ही मुलं सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरापासून लांब असतात. कुणी कोकणीत किंवा मराठीत हाक मारली की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बुफेत शिरण्याआधी हात साबणाने धुवा. दारातलं सॅनिटायझर पुरेसं नाही, कारण बोटीवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर ते नीट चालत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण फी घेतो. परदेशी प्रवासाचा विमा काढाल तो समुद्रातून उचलून इस्पितळात नेण्याचा खर्च धरून काढा. गरोदरपणाचे २४ आठवडे उलटलेल्या बाईला आणि सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत.

राहता राहिला शेवटचा दिवस. बिल आदल्या संध्याकाळीच बघून घ्या. न प्यायलेलं सरबत त्यात दिसलं तर तेव्हा शांतपणे बोलता येतं, सकाळी स्वागतकक्षापुढे मारुतीच्या शेपटीएवढी रांग असते. बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा त्या रात्रीच दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या पहाटेच धक्क्यावर जातात आणि मग उतरल्यावरच हाती लागतात. उत्साहाने सगळं बॅगेत भरून टाकणारे आणि सकाळी बर्म्युडा आणि बनियनवर मुंबई बंदरात उतरणारे गृहस्थ दर फेरीला एखादे तरी असतातच. तेव्हा एक शर्ट, एक पँट आणि चपला तेवढ्या बाहेर काढून ठेवा.

नमस्कार.