अस्तर कासिमबाजारचं

हा कोट आधी उलटा करू. बाहेरून जाड लोकर, इंग्लंडच्या थंडीसाठी. आत रेशीम. सदऱ्यावरून लोकर अडत राहते, रेशीम सरकतं, म्हणून अस्तर. 18व्या शतकात तिथले शिंपी त्यासाठी ताफ्ता, सार्सनेट अशी रेशमी कापडं, नाहीतर 'पर्शियन' नावाचं अगदी पातळ रेशीम घ्यायचे. ताफ्ता शब्द फारसी. अस्तरही फारसीच, आणि आपला शिंपी आजही तेच म्हणतो.

ताफ्ता बंगालमधूनही यायचा. हे मुर्शिदाबादजवळचं कासिमबाजार. डच, इंग्रज, सगळ्यांच्या इथे वखारी. 1666 मध्ये आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए लिहून ठेवतो, वर्षाला 22,000 गाठी रेशीम इथून बाहेर पडतं.

आता फक्त हात बघा. कोश गरम पाण्यात पडतो, डिंक सुटतो, टोक सापडतं. एका कोशाचा तंतू डोळ्याला जेमतेम दिसतो. चार-सहा एकत्र ओढले की धागा होतो. पाणी फार तापलं तर तंतू गुंततो, निवलं तर सुटतच नाही. मोजायला काही नाही, बोटांनाच कळतं. इथलं कच्चं रेशीम पिवळं. ते पांढरं करायला केळीच्या राखेचा खार वापरत. तेही ताव्हेर्निएनं टिपलंय. लंडनला राख दिसली नाही, पांढरेपणा दिसला.

तिथल्या विणकरांना तो खुपलाच. 1697 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीवर चालून गेले. 29 सप्टेंबर 1701 पासून इराण, चीन आणि हिंदुस्थानातलं विणलेलं रेशीम इंग्लंडात वापरायला बंदी. गोदामात ठेवून परदेशी विकायला मात्र मोकळीक. आता कोटाच्या आतलं अस्तर कोण उलटून बघणार, हा प्रश्न आहेच!

1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे बारगीरही मुर्शिदाबादेत घुसले. ते आपलेच, म्हणून सांगायला हवं. बंगालच्या अंगाईत हेच बारगीर 'बर्गी' झाले; ते आले म्हटलं की पोरं अजून झोपतात.

1769 मध्ये कंपनीच्या संचालकांचा लंडनहून हुकूम आला: बंगालनं कच्चं रेशीम वाढवावं, कापड कमी करावं, धागा काढणाऱ्यांनी कंपनीच्याच कारखान्यात बसावं. पुढच्याच वर्षी दुष्काळ, आणि माग थांबत गेले.

ही डचांची थडगी, पक्की बांधलेली, म्हणून अजून उभी. आणि हे साचलेलं पाणी म्हणजे भागीरथीचं जुनं पात्र. 1813 च्या सुमारास नदी इथून सरकली. गाठी याच काठावर होड्यांत चढायच्या.