शंभर रुपयांची टोपली

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा दर जाहीर झाला, तो होता 0.25 टक्के. 2012 हे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याचे भाव 100 धरून पुढचे मोजतात ते वर्ष, धरलेल्या मालिकेतला सर्वांत कमी. बातम्या ऐकून शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "सर, एवढी महागाई उतरली म्हणतात, मग माझं वाण्याचं बिल का उतरत नाही?"

वहिनींचा प्रश्न रास्त आहे. या दरात चालू महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी होते. ऑक्टोबर 2024 मध्ये हा दर 6.21 टक्के होता. आता हिशेब मांडू. ऑक्टोबर 2023 मध्ये घरखर्चाच्या ठरावीक वस्तूंची जी टोपली 100 रुपयांना भरायची, ती वर्षभरात 106 रुपये 21 पैशांवर गेली. पुढच्या वर्षी तिच्यात जेमतेम 27 पैशांची भर पडली. म्हणजे टोपली जवळजवळ एकशे साडेसहा रुपयांना पडत होती आणि दर मात्र पाव टक्का होता. भाव चढून वर बसले, ते खाली आले नव्हते. वहिनींचं बिल खरं आहे आणि आकडाही खरा आहे.

आता याच टोपलीतला भाजीपाला पाहा. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या वर्षभरात 42 टक्क्यांनी महागल्या होत्या, ऑक्टोबर 2025 मध्ये त्या साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरल्या. शंभराचे 142 झाले आणि 142 चे पुन्हा 103 झाले. दोन वर्षांत शहरातल्या गिऱ्हाइकाला 3 रुपयांचा फरक. पण ज्याने 142 चा भाव पाहून कांद्याचं क्षेत्र वाढवलं, त्याचं काय झालं?

माझ्या बहिणीचं सासर निफाड तालुक्यात. 2025 च्या दिवाळीत मी तिच्याकडे होतो. उन्हाळ कांदा एप्रिलात काढून कांदा साठवायच्या हवेशीर चाळीत भरतात आणि भावाची वाट पाहत पाच-सहा महिने ठेवतात. भाऊजींनी चाळीची एक बाजू उघडली तेव्हा सडक्या कांद्याचा वास अंगणापर्यंत आला. दोन बाया खाली बसून कांदा निवडत होत्या. चांगला एकीकडे, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, दुसरीकडे, मोड आलेला उकिरड्यावर. चाळीत पडून वजन घटतं ते वेगळंच. ट्रॉली भरून लिलावाला नेली आणि संध्याकाळी आले, तेव्हा भाऊजींनी हिशेबपट्टी माझ्या हातात दिली आणि काही न बोलता हातपाय धुवायला गेले. निवडणाऱ्या बायांची मजुरी आणि ट्रॅक्टरचं भाडं वजा करून उरलेली रक्कम मी दोनदा वाचली.

ऑक्टोबर 2025 च्या त्या पाव टक्क्यात जीएसटी कपातीचा वाटा आहे, आदल्या वर्षीच्या चढ्या आकड्याचाही आहे. पण खाद्यपदार्थ उतरले नसते, तर तो दिसलाच नसता. 2012 च्या त्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन, म्हणजे टोपलीतला वाटा, 100 पैकी 45.86 होतं, आणि ते ठरलं 2011-12 च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीवरून. आता 2024 पायाभूत वर्षाची नवी मालिका आली आहे, आणि तिच्यात खाद्यपदार्थांचं वजन कमी केलेलं आहे. लोकांचा खर्च बदलला म्हणून वजनं बदलणं योग्यच. तरीही ही सरासरी आहे. ज्या घरात निम्म्याहून अधिक मजुरी पिठामिठावर जाते, त्या घरची महागाई सरासरीत मावत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. यापुढे महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास हा आकडा ऐकाल, तेव्हा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा शेजारी लिहा. आणि भाज्या स्वस्त झाल्याची बातमी आली, की त्या आठवड्यात लासलगावच्या कांदा बाजारात कांदा काय भावाने गेला, तेही वाचा. वर्तमानपत्रात तो बाजारभावाच्या पानावर, बारीक टाइपात असतो.