गुळाने सॉस पौष्टिक होत नाही

अध्यक्ष महोदय आणि जमलेल्या सोलापूरकर मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर विषय 'घरच्या घरी आरोग्यदायी बार्बेक्यू सॉस' असा छापला आहे, आणि त्यामुळे बऱ्याच जणी वही-पेन घेऊन बसल्या आहेत, हे मला इथून दिसते आहे. कृती मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी साखरेबद्दल बोलणे भाग आहे. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उभे राहून साखर कमी करा असे सांगण्याचे धाडस मी निवृत्तिवेतन सुरू झाल्यानंतरच करते आहे, याची पहिल्या रांगेतील ऊसउत्पादकांनी कृपया नोंद घ्यावी.

निखाऱ्यावर भाजण्याचे आपल्याला काही नवल नाही. आपल्याकडे शीक आहे, आगटीतला हुरडा आहे, आणि वांगे भाजल्याशिवाय तर आपले भरीतच होत नाही. नवी आहे ती बाटली. अलीकडे हुरड्याच्या मेजवानीतही शेंगांच्या चटणीशेजारी ती येऊन बसते आणि मुले पनीर, चिकन, एवढेच काय, कणीससुद्धा त्या तपकिरी सॉसमध्ये बुडवून खातात. ती बाटली एकदा उलटी करून वाचावी. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत असा नियम असल्यामुळे, पहिल्या दोन-तीन शब्दांत साखर किंवा कसला तरी पाक दिसला की पुढचे फारसे वाचण्याची गरज उरत नाही. या प्रकारच्या अनेक सॉसमध्ये १०० ग्रॅममागे ३० ते ४० ग्रॅम साखर आणि एक ग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. अर्धी वाटी सॉस संपवणाऱ्या मुलाने त्यातला बहुतेक वाटा जेवणाआधीच उचललेला असतो.

ज्या अमेरिकेतून हा सॉस आला, तिथे तो सगळीकडे गोड नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात व्हिनेगर, मिरची आणि मीठ यांचे पातळ, आंबट पाणी मांसावर शिंपडतात. साउथ कॅरोलिनाच्या काही भागांत मोहरीचा पिवळा सॉस चालतो. टोमॅटो आणि मळीच्या पाकाचा दाट, गोड सॉस ही कॅन्सस सिटीची पद्धत. बाटलीत भरायला आणि दुकानात महिनोन्महिने टिकवायला तीच सोयीची पडली, आणि तीच जगभर गेली.

आता माझी तक्रार. आपल्याच शहरातील एका खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात एका गाळ्यावर मोठ्या अक्षरांत 'साखरविरहित, गावरान गुळाचा बार्बेक्यू सॉस' अशी पाटी होती. मी बाटली हातात घेतली. घटकांमध्ये पहिला गूळ, दुसरा खजुराचा पाक, तिसरा टोमॅटो आणि पाचवा मध. मी त्या तरुण विक्रेत्याला म्हटले, "बाळा, ही तर तीन प्रकारची साखर झाली." तो म्हणाला, "ओ मॅडम, गूळ म्हणजे काय साखर असते का! ह्यात केमिकल एकपण नाही." आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईसमोर हे वाक्य उच्चारू नये, एवढी साधी सावधगिरी त्याने बाळगली नाही. मी त्याला तिथल्या तिथे तास घेतल्यासारखे सांगितले की गुळाचा फार मोठा भाग सुक्रोजच असतो, १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी असतील तर गुळात ३८० च्या आसपास असतात, आणि चमचाभर गुळातून मिळणारे लोह इतके थोडे असते की त्यासाठी गूळ खाण्यापेक्षा मूठभर हरभरे खावेत. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर असलेल्या पदार्थाला 'साखरविरहित' म्हणताच येत नाही. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मला एक चमचा चवीला दिला. चव चांगली होती, हे कबूल केले पाहिजे. एवढ्या गोडीत चव बिघडायला वावच नसतो. माझे बोलणे चालू असतानाच मधुमेह असलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आले, "वा, गुळाचा आहे ना!" असे म्हणत त्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि वर मलाच एक घेण्याचा सल्ला दिला. गुळावर माझा राग नाही. संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मीही तिळगूळ खाते; पण तो औषध म्हणून खात नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की, साखरेच्या जागी गूळ, मध किंवा पाक घातल्याने सॉस आरोग्यदायी होत नाही. सॉसमध्ये साखर जी कामे करते, ती ओळखून एकेक काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे लागते. साखर आंबटपणा झाकते, दाटपणा आणि चकाकी आणते, उष्णतेने रंग देते, आणि पाणी धरून ठेवून सॉस टिकवते. दाटपणाचे काम टोमॅटोचा गर आणि शिजलेला कांदा उत्तम करतात. गोडीचे बरेचसे काम मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतलेला कांदा करतो. फक्त त्याला घाई चालत नाही. टिकवण्याचे काम व्हिनेगर आणि फ्रीज यांनी करावे. धुराच्या वासासाठी बाटलीतला अर्क नको. त्याची सोय तर आपल्या शेगडीवरच आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत असे ती म्हणते, आणि कृती अजून व्हायची आहे. वह्या उघडा.

एक किलो पिकलेले लाल टोमॅटो, एक ढोबळी मिरची आणि लसणाच्या आठ-दहा पाकळ्या निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर भाजाव्यात आणि करपलेली साल काढून टाकावी. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे तेलावर दोन कांदे मंद आचेवर चांगले परतावेत. पितळ किंवा ॲल्युमिनियमचे भांडे नको, कारण आंबट पदार्थ त्यावर क्रिया करतो. मग भाजलेल्या भाज्या आणि चार बिनबियांचे भिजवलेले खजूर घालून सगळे वाटावे, गाळावे आणि पुन्हा पातेल्यात घ्यावे. त्यात मोठा चमचाभर चिंचेचा कोळ, चार मोठे चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पूड, लाल तिखट, मिरपूड, चिमूटभर दालचिनी आणि एक लहान चमचा मीठ घालून अर्धा ते पाऊण तास आटवावे. साधारण अर्धा किलो सॉस होतो. खजुराची आणि टोमॅटोची स्वतःची साखर धरूनही त्यातली साखर बाटलीतल्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते आणि मीठ निम्म्याहून कमी. शेंगांचे कूट घालू का, असे मागून कोणीतरी विचारते आहे. घालावे, पण मग तो दुसराच पदार्थ होतो आणि दोन दिवसांत संपवावा लागतो.

गरम पाण्यात उकळून वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरून हा सॉस फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन आठवड्यांत संपवावा. व्हिनेगर कमी करू नये, कारण जंतूंना रोखण्याचे काम तेच करते. भाजताना तो शेवटच्या पाच मिनिटांत लावावा. सुरुवातीलाच लावला तर बाहेरून करपतो आणि आत मांस कच्चे राहते. चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणारा धूर आणि काळे पडलेले तुकडे आरोग्याला चांगले नाहीत, म्हणून आच थोडी बाजूला ठेवावी आणि काळा भाग काढून टाकावा.

दुसरी चिठ्ठी श्रोत्यांमधून आली आहे: मिठाऐवजी सैंधव चालेल का? चवीला चालेल, पण सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे रक्तदाबासाठी त्याने काही साधत नाही. कमी सोडियमचे, पोटॅशियम असलेले मीठ बाजारात मिळते; मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज सॉसमध्ये घालू नये.