फोन कुणी ऐकायचा, कुणाला विचारून?

श्रोतेहो, नमस्कार.

२६ नोव्हेंबर २००८च्या त्या रात्री ताज, ट्रायडंट आणि नरिमन हाऊसमध्ये शिरलेले दहशतवादी सतत मोबाइलवर बोलत होते. पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार आपल्याच वृत्तवाहिन्या पाहत होते आणि बाहेर काय चाललं आहे ते आतल्यांना सांगत होते. आपल्या यंत्रणांना ते नंबर हाती लागले, बोलणं ऐकता आलं, मुद्रित करता आलं. ऑगस्ट २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, त्या निकालपत्रात हे संवाद उतरवून दिलेले आहेत. वाचताना अंगावर काटा येतो. माणसं मारण्याच्या सूचना इतक्या शांतपणे दिल्या जातात! १६६ जीव गेले, आणि हुकूम सीमेपलीकडून सुटत होते हे त्या आवाजांनी जगासमोर ठेवलं.

म्हणून पोलिसांनी कुणाचाही फोन कधीच ऐकू नये, असं मी म्हणणार नाही. मी मुंबईत वकिली करते, लोकलने फिरते. लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले ती ११ जुलै २००६ची संध्याकाळही मला आठवते. माझा प्रश्न वेगळा आहे. फोन ऐकायची परवानगी द्यायची कुणी, आणि ती योग्य होती की नाही हे तपासायचं कुणी?

आज काय चालतं ते सांगते. १८८५च्या तार कायद्यातलं एक कलम इंग्रजांच्या काळापासून आपल्या फोनवर राज्य करत होतं. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर सरकारला संदेश अडवता आणि वाचता येत. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावलं की गृहसचिवाच्या लेखी आदेशाशिवाय फोन ऐकायचा नाही, आणि त्या आदेशाची छाननी एका समितीने करायची. २०२३च्या दूरसंचार कायद्याने तार कायद्याची जागा घेतली, पण घडी तीच राहिली. केंद्रात परवानगी गृहसचिव देतात आणि छाननी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष असतात कॅबिनेट सचिव. राज्यात गृहसचिव आणि मुख्य सचिव. मागणारे, देणारे, तपासणारे, सगळे सरकारचेच. या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण हे नाव मुंबईकरांना नवं नाही. १९९२-९३च्या दंगलींची चौकशी त्यांनीच केली होती. पुढे माहितीच्या संरक्षणावर नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. त्या समितीच्या २०१८च्या अहवालात एक आकडा आहे. केंद्राची छाननी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. हिशेब करून पाहा. एका आदेशाला एकच मिनिट दिलं, तरी १५ हजार आदेशांना २५० तास लागतात. म्हणजे जेवणखाण, झोप सोडून दहा दिवस. मंत्रालयांचा कारभार सांभाळणारे सचिव एवढा वेळ कुठून आणणार? त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण अशा व्यवस्थेत कागद वाचलेच जात नाहीत, त्यावर फक्त सह्या होतात.

आणि कागदावर असतं तरी काय? असे आदेश मी कोर्टात हाताळले आहेत. बहुतेक वेळा एक पान. वर क्रमांक, मध्ये फोन नंबर, आणि खाली कायद्यातलीच वाक्यं जशीच्या तशी. हाच नंबर का, या माणसावर संशय कशामुळे, दुसऱ्या मार्गाने तपास का होत नाही, याबद्दल अक्षर नाही. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका व्यावसायिकाचे फोन सीबीआयने सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली ऐकले होते. न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि मुद्रणं नष्ट करायला सांगितलं. लाच हा गुन्हाच आहे. पण त्याने लोकांची सुरक्षितता धोक्यात येते, असं कुणाला पटवून देणार? दहशतवाद्यासाठी दिलेला अधिकार असा हळूहळू पसरत जातो.

या माणसावर खटला झाला, म्हणून त्याला कळलं तरी. ज्याच्यावर खटलाच होत नाही, त्याला आपला फोन ऐकला गेला हे जन्मात कळत नाही. नियमच असा आहे की हे आदेश आणि मुद्रणं गरज नसेल तर सहा महिन्यांनी नष्ट करायची. खासगीपणासाठी ते ठीकच. पण त्याबरोबर चुकीच्या आदेशाचा पुरावाही जातो, आणि तक्रार करणार कोण, कशावर?

मग लोक म्हणतात, आम्ही काही केलेलं नाही, आम्हाला कसली भीती? ठाण्याचं उदाहरण देते. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला याच्या याद्या, विकणारी टोळी पकडली. त्यात खासगी गुप्तहेर होते. पोलिसांच्या तपासासाठी ठेवलेली माहिती पैसे घेऊन बाहेर जात होती. बायकोवर संशय घेणारा नवरा, धंद्यातला प्रतिस्पर्धी, कुणीही गिऱ्हाईक होऊ शकतं. जिच्या फोनची यादी अशी विकली जाते, त्या बाईने काय केलेलं असतं? ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, तो अशाच माणसांसाठी.

न्यायाधीशाची परवानगी घेत बसलो तर बॉम्ब फुटेल, हा आक्षेप मी नेहमी ऐकते. आक्षेप खरा आहे, पण त्यावर उपाय निघालेला आहे. ब्रिटनने २०१६च्या कायद्यात मंत्र्याच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताची, म्हणजे वरिष्ठ न्यायाधीशपद सांभाळलेल्या व्यक्तीची, मान्यता सक्तीची केली. घाई असेल तर आधी ऐका, आणि तीन कामाच्या दिवसांत मान्यतेसाठी या. मान्यता नाकारली तर ऐकणं तिथेच थांबतं. दहशतवादाचे घाव त्या देशानेही सोसले आहेत.

फार लांब जायला नको. आपला मकोका, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९चा महाराष्ट्राचाच कायदा, या बाबतीत केंद्राच्या कायद्यापेक्षा काटेकोर आहे, हे वकिलांनाही अनेकदा आठवत नाही. त्यात अर्ज करणाऱ्या अधिकाऱ्याला लिहावं लागतं की तपासाचे दुसरे मार्ग वापरून पाहिले आणि ते फसले, किंवा ते का चालणार नाहीत. तातडी असेल तर वरिष्ठ अधिकारी ऐकायला सुरुवात करू शकतो, पण ४८ तासांत अर्ज करावा लागतो. फोन ऐकण्याची ही कलमं मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १ सप्टेंबर २००८ रोजी वैध ठरवली, मुंबईवरच्या हल्ल्याच्या तीनच महिने आधी. मकोकातही न्यायाधीश नाहीच, ती उणीव आहे. पण कलम २७ मला मोलाचं वाटतं. वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, तातडीचे किती, याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवायचा. सुरक्षिततेला बाधा आणणारा तपशील वगळण्याची मुभाही दिलेली आहे. कुणाचं नाव फुटत नाही, तपास अडत नाही, आणि लोकप्रतिनिधींना निदान आकडे कळतात.

केंद्राच्या दूरसंचार कायद्यात असं कलम नाही. ते यायला हवं, आणि सह्यांच्या त्या साखळीत एक न्यायाधीशही हवा. ही मागणी आपण खासदारांकडे केली पाहिजे. आमदारांना विचारायचा प्रश्न तर आजच तयार आहे. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं, तेव्हा तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराला पत्र लिहा. मकोकाच्या कलम २७चा गेल्या वर्षीचा अहवाल सभागृहात कधी मांडला गेला, आणि तुम्ही तो वाचलात का, एवढंच त्यात विचारा.

नमस्कार.