ॲरेमधली सगळ्यात जवळची जोडी कशी शोधायची (आणि मी कुठे आपटलो)

हां तर मंडळी, आज एकच प्रश्न घेऊ. ॲरे, म्हणजे नंबरांची यादी, दिलाय, त्यातले कुठले दोन नंबर एकमेकांच्या सगळ्यात जवळ आहेत ते शोधायचंय, म्हणजे वजाबाकी सगळ्यात लहान कुठे येते ते. हा घ्या, स्क्रीनवर बघा: 42, 7, 19, 88, 23, 61. नुसतं बघूनही कळतं, 19 आणि 23, फरक 4.

आता कोड. आधी डोक्यात येतात ते एकात एक दोन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड), प्रत्येकाची प्रत्येकाशी वजाबाकी. चुकीचं नाहीये बरं का, सहा नंबरांच्या 15 जोड्या, चुटकीसरशी होतं. पण 1 लाख नंबर आले की जोड्या होतात जवळपास 500 कोटी, मग बसा स्क्रीनकडे बघत.

त्यापेक्षा आधी सॉर्ट मारा, म्हणजे लहान ते मोठा क्रम लावा. 7, 19, 23, 42, 61, 88. आता फक्त शेजारच्यांची वजाबाकी: 12, 4, 19, 19, 27. मिळाला 4. पण जवळची जोडी शेजारीच सापडेल कशावरून? हे विचारलंत तर मला बरं वाटेल, कारण बरेच जण नुसतं पाठ करतात. समजा 7 आणि 23 धरले, मध्ये 19 बसलाय, मग 23 ला 7 पेक्षा 19 जवळचाच असणार ना, लांबचा कसा असेल? मध्ये कोणी आला की ती जोडी बाद. झालं प्रूफ. वेळ खातो तो सॉर्टच, एन लॉग एन (एन नंबरांना साधारण एन गुणिले लॉग एन इतकं काम), पुढे एकच चक्कर.

आता माझी फजिती. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत नुसतं सॉर्ट आणि रिकामा कंस लिहून मोकळा झालो होतो. वरच्या ॲरेवर उत्तर 4, म्हटलं चला. मग सहज 9, 10, 100 दिले तर उत्तर आलं 90! यायला हवं होतं 1. अर्धा तास लूप तपासत बसलो, लूप बिचारा ठीकच होता. भानगड अशी की काही सांगितलं नाही तर हा सॉर्ट नंबरांना स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, समजून शब्दकोशासारखा पहिल्या अंकापासून लावतो, म्हणून क्रम झाला 10, 100, 9. आणि पहिला ॲरेही चुकीचाच लागला होता हो, 7 जाऊन बसला 61 च्या मागे, फक्त 19 आणि 23 नशिबाने शेजारी राहिले.

गंमत पुढे आहे. मी सवयीने प्रत्येक वजाबाकीला ॲबसोल्युट लावलं होतं, म्हणजे उणे चिन्ह आलं तर ते काढून टाकायचं. सॉर्ट नीट असेल तर त्याची गरजच नसते, पुढच्यातून आधीचा वजा करतो आणि आधीचा नंबर मोठा असूच शकत नाही. नसतं लावलं तर 7 वजा 61, उणे 54 असं उत्तर पहिल्याच रनला समोर आलं असतं आणि मी तिथेच थांबलो असतो. म्हणून आता मी ते काढूनच टाकतो, आणि सॉर्टला ए वजा बी परत करणारं छोटं फंक्शन देतो, म्हणजे तो नंबर नंबर म्हणूनच लावतो.

बाकी किरकोळ: सुरुवातीचा मिनिमम 999 वगैरे ठेवू नका, इन्फिनिटी, म्हणजे कुठल्याही फरकापेक्षा मोठं, ठेवा. फरक 0 आला तर तिथेच ब्रेक, म्हणजे लूप थांबवा, त्याहून जवळ कोण येणार? आणि मूळ जागा हव्या असतील तर नंबरासोबत त्याचा इंडेक्सही (ॲरेमधला जागेचा क्रमांक) बांधून सॉर्ट करा, नाहीतर सॉर्टनंतर जुना क्रम जातो आणि 23 आधी कुठे होता ते शोधायला मूळ ॲरेची जपून ठेवलेली कॉपी परत अख्खी चाळावी लागते.